बंद म्हंजे नेमकं काय

‘कॉम्प्युटर बंद पडलाय’ एवढंच सांगत कुणी दुकानात आलं, की आक्का त्याची मशीन हातातसुद्धा घ्यायच्या नाहीत. त्याला काउंटरपलीकडे उभं करून विचारायच्या, “बंद म्हंजे नेमकं काय?” माणूस गोंधळायचा. बंद म्हणजे बंद, त्यात सांगायचं काय? मग आक्कांची सरबत्ती सुरू व्हायची. बटण दाबल्यावर दिवा लागतो का? पंखा फिरतो का? फिरतो तर फिरत राहतो, की दमून थांबतो? स्क्रीन नुसती काळी असते, की काळ्यावर अक्षरं येतात? “एक मानूस झोपलेला असतो, एक रुसलेला असतो, आन् एक बेसुद असतो,” त्या म्हणायच्या. “तिगंबी गप्पच की. पर तिगांना एकच औशद देऊन चालंल व्हय?”

त्यांचं दुसरं वाक्य होतं, “भिंतीपासनं सांगा.” म्हणजे भिंतीतल्या सॉकेटपासून. बोर्डाचं बटण, एक्स्टेंशनची पट्टी, केबल, कॅबिनेटच्या मागचं बारकं बटण आणि मग पुढचं मोठं बटण, असं वीज जशी येते तशी हकिगत सांगत यायचं. कुणी मध्येच “व्हायरस असेल” म्हणालं की आक्का त्याला परत भिंतीकडे पाठवायच्या. कितीतरी मशिनी न उघडताच घरी परत गेलेल्या मी पाहिल्या आहेत, कारण हकिगत सांगता सांगता त्या माणसालाच आठवायचं की घरात झाडू मारताना पट्टी सरकवली होती.

माझी त्यांची ओळख अशीच झाली. मी माहेरची मेढ्याकडची, लग्न करून सांगलीत आले आणि कुपवाड रस्त्याला टायपिंगचं छोटं दुकान टाकलं. लग्नपत्रिका, बिलबुकं, वाढदिवसाचे फ्लेक्स. लग्नसराई अगदी तोंडावर असताना माझा कॉम्प्युटर रुसला. बटण दाबलं की सुरू व्हायचा, पंखा फिरायचा, आणि चार श्वास घेईपर्यंत पुन्हा विझायचा. कुणीतरी म्हणालं, कुपवाडात एक बाई आहेत, त्यांना दाखवा. बाई म्हटल्यावर मी जरा थबकले, हे खरं. मशीन रिक्षात घालून गेले. नऊवारी नव्हे, साधं सहावारी, पदर खोचलेला, कपाळावर ठसठशीत कुंकू आणि केसांत अडकवलेला बारीक स्क्रू ड्रायव्हर. माझी सगळी हकिगत ऐकून घेतल्यावर त्यांनी डोळे मिटले. “पोरी, बटण दाबल्यावर ते परत भाईर येतं का गं?” मी कधी बघितलंच नव्हतं. त्यांनी कॅबिनेट उघडलं, पुढच्या बटणाची वायर आतल्या बोर्डावरून उपसली, आणि केसांतला स्क्रू ड्रायव्हर काढून त्याच्या टोकानं तिथल्या दोन बारीक काड्या क्षणभर एकमेकींना जोडल्या. कॉम्प्युटर सुरू झाला आणि सुरूच राहिला. माझं बटण आत अडकत होतं. मशीनला वाटत होतं, कुणीतरी बटण दाबून धरलंय, म्हणजे बंद व्हायला सांगतंय. “बिच्चारं सांगितल्याली गोष्ट ऐकत हुतं,” आक्का म्हणाल्या. “आपुन काय सांगतोय त्ये आपल्यालाच म्हाईत न्हवतं.”

माझ्या दुकानाची अर्धी जागा रिकामी होती, ती पुढं त्यांनी घेतली. एका बाजूला माझ्या पत्रिका, दुसऱ्या बाजूला त्यांच्या उघड्या पडलेल्या मशिनी. सगळे त्यांना आक्काच म्हणत, त्यांच्याहून वयानं मोठे लोकसुद्धा.

आक्का मूळच्या आटपाडीकडच्या. वडील मेंढरं राखायचे. शाळा सातवीपर्यंत. लग्न होऊन कुपवाडला आल्या, तेव्हा नवरा फाउंड्रीत होता. आम्ही सगळे त्यांना दाजी म्हणायचो. आक्का स्वतः एका छोट्या कारखान्यात ट्रान्सफॉर्मरच्या कॉइल गुंडाळायला जायच्या. त्या कारखान्याच्या ऑफिसात कॉम्प्युटर आला आणि काही महिन्यांनी बिघडला. दुरुस्तीवाल्यानं तो उघडला तेव्हा आक्का हातातलं काम टाकून बघायला गेल्या. आत पंखा दिसला. “मला येवढंच कोडं पडलं,” त्या सांगायच्या, “की टायपायच्या डब्याला वारं कशाला लागतंय?” त्यांनी त्या माणसाला विचारलं. तो भला होता, त्यानं नीट सांगितलं. मग पुढच्या वेळी तो आला तेव्हा आक्कांकडे नवे प्रश्न तयार होते. असं करत करत सुट्टीच्या दिवशी त्या त्याच्याच दुकानात जाऊन बसायला लागल्या. तो पुण्याला गेला तेव्हा त्याची गिऱ्हाइकं आक्कांकडे आली.

कारखान्याची एक सवय मात्र त्यांनी कधी सोडली नाही. विजेच्या कामाला हात घालायचा तर एकच हात. दुसरा पाठीमागे, कमरेवर. कॅबिनेटच्या आतला तो पत्र्याचा डबा असतो, भिंतीतली वीज घेऊन ती मशीनला सोसेल एवढी करून देणारा, त्याला त्या ‘सप्लाय’ म्हणायच्या. तो त्या काढून ठेवायच्या आणि बराच वेळ तसाच राहू द्यायच्या. “प्लग काढला म्हणून काय झालं? आत करंट मुरलेला असतो,” असं म्हणत. तोवर मला चहा ठेवायला लावायच्या. चहा पिऊन झाला की डबा उघडायचा, हा आमचा नियम.

धंद्याच्या दृष्टीनं त्यांची एक खोड फार वाईट होती. मशीन सुरू झाली तरी त्या ती परत द्यायला तयार नसत. रॅमची पट्टी काढून, पुसून, परत बसवली आणि मशीन चालू झाली, तर दुसरा कुणी हात झटकून मोकळा झाला असता. आक्का ती पट्टी दिव्याखाली धरून बसायच्या. का सैल झाली? घरात दमट आहे का? टेबल हलतं का? “चालू झालं म्हंजे कळलं न्हवं,” हे त्यांचं ठरलेलं उत्तर. गिऱ्हाईक वैतागायचं. काही जण तर भांडून मशीन घेऊन जायचे आणि पुन्हा यायचे नाहीत. मी एकदा म्हटलं, “आक्का, लोकांना चालू झाल्याशी मतलब.” त्यांनी मान डोलावली. “तेंचं खरं हाय,” म्हणाल्या, “पर माझा जीव अडकतो, त्याला काय करू?”

आणि त्या चुकायच्याही. कराडला इंजिनीअरिंग शिकणाऱ्या एका मुलाची मशीन त्यांनी तपासली आणि सांगितलं, बोर्ड गेला. मुलगा उतरलेल्या चेहऱ्यानं मशीन घेऊन गेला. त्यानंतर आक्कांचं कामात लक्ष लागेना. बोर्डावर रुपयाच्या नाण्याएवढी एक बॅटरी असते, तिच्यावर मशीनची थोडीशी आठवण टिकून राहते. ती आठवण पुसून बघायची त्यांच्या लक्षातूनच गेली होती. दोन-तीन दिवसांनी त्या उठल्या आणि सरळ रेल्वेनं कराडला गेल्या. हॉस्टेलवर त्या मुलाला शोधून काढलं. बोर्ड त्यानं कॉटखाली टाकला होता. तिथंच जमिनीवर बसून आक्कांनी बॅटरी बदलली, बोर्ड परत बसवून मशीन सुरू करून दिली आणि म्हणाल्या, “बाळा, मी चुकले हुते.” परत आल्यावर ही गोष्ट त्या स्वतःच सगळ्यांना सांगत सुटल्या, आणि चूक कुठे झाली ते बोटानं दाखवायच्या, एखादी जागा पाहून आल्यासारखं.

पण आक्का मला खऱ्या अर्थानं कळल्या त्या माझ्या मामामुळे.

मामा मेढ्याजवळच्या आमच्या गावात राहतो. लहानपणीच त्याची दृष्टी गेली. नोकरीभर तो साताऱ्यात टेलिफोन ऑपरेटर होता आणि निवृत्त झाल्यावर गावी आला. त्याच्याकडे बोलणारा कॉम्प्युटर आहे. म्हणजे स्क्रीनवर जे येतं ते आवाजात वाचून दाखवतो. मामा त्यावर पेपर वाचतो, पुस्तकं वाचतो, पत्रं लिहितो. तो मला एकदा म्हणाला होता, “सगळा जन्म मी माझी पत्रं दुसऱ्याच्या तोंडून ऐकली. वाचणारा कुठं अडखळला, कुठं त्यानं आवाज उतरवला, त्यावरनं ओळखायचो की आत काहीतरी वाईट आहे. आता माझं पत्र आधी मला कळतं.”

तो कॉम्प्युटर सुरू होईनासा झाला. रोज नाही, कधी कधी. मामाचा मुलगा बाळूदादा साताऱ्याहून माणूस घेऊन आला. त्याच्यासमोर मशीन एका बटणात सुरू झाली. दुसरा माणूस आणला, तेव्हाही तेच. आलेल्या माणसांचा दोष नव्हता, त्यांना चालू मशीनच दिसत होती. मग घरात हळूहळू म्हणायला लागले की मामाचंच काहीतरी चुकतंय. बटण नीट दाबलं जात नसेल, वय झालं. कुणी वाईट बोललं नाही. पण मामा मला फोनवर म्हणाला, “अगं, मलाही आता शंका यायला लागलीय. हाताला सवय आहे म्हणतो, पण हाताचं तरी काय खरं?” त्याचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

मी फोन आक्कांच्या हातात दिला. त्यांनी नेहमीप्रमाणे भिंतीपासून सुरुवात केली, आणि पलीकडून जी उत्तरं येत होती ती ऐकताना त्यांचा चेहरा उजळत गेला. फोन ठेवल्यावर म्हणाल्या, “येवढ्या वर्सांत असं नीट सांगणारं गिराईक मला पयलं भेटलं.” मामानं सांगितलं होतं, चांगल्या दिवशी पंखा लागतो आणि मग एक बीप येते. बिघडलेल्या दिवशी पंखा लागतो, पण बीप येत नाही. आणि तो बंद-चालू करत राहिला तर कधी तरी येते. “ह्या मानसाचा हात चुकत न्हाई,” आक्का म्हणाल्या.

मशीन सांगलीला मागवली. आमच्या दुकानात ती आठवडाभर एकदाही अडली नाही. आक्कांनी सगळं साफ करून परत पाठवली, आणि परत पाठवल्याच्या दुसऱ्या दिवशी मामीचा फोन आला की पुन्हा तसंच. आक्कांनी विचारलं, “मामा किती वाजता लावतात गं मशीन?” मी म्हटलं, “पहाटे. सगळे उठायच्या आधी. तेव्हा शांत असतं म्हणून.” त्यांनी पिशवी भरायला घेतली.

आम्ही दोघी एसटीनं साताऱ्याला आणि तिथून मेढ्याला गेलो. माघातले दिवस होते. आक्कांना असली थंडी माहीत नव्हती, मामीचे दोन स्वेटर घालून त्या झोपल्या. पहाटे मामानं हाक मारली. त्यानं बटण दाबलं. पंखा लागला. आम्ही सगळे वाट बघत उभे होतो, बाळूदादासुद्धा. बीप आली नाही. मामानं मान आमच्याकडे वळवली.

आक्कांनी पुढं होऊन कॅबिनेटच्या पत्र्यावर तळहात ठेवला, आणि ठेवूनच राहिल्या. “मामी,” त्या म्हणाल्या, “गुडघं शेकायची रबरी पिशवी हाय का वो घरात?” मामीनं पाणी तापवून पिशवी भरून आणली. आक्कांनी मशीन बंद केली, प्लग काढला, पिशवी टॉवेलात गुंडाळून कॅबिनेटवर मागच्या बाजूला, बरोबर सप्लायच्या वर ठेवली. मग आम्ही चहा प्यालो. पिशवी उचलून, प्लग लावून त्या म्हणाल्या, “मामा, आता लावा.” मामानं बटण दाबलं. पंखा, आणि लगेच बीप.

“म्हणजे चूक माझी नव्हती,” मामा म्हणाला.

“तुमची न्हाई आन् मशीनचीबी न्हाई. थंडीची हाय,” आक्का म्हणाल्या. “सप्लायमदी बारीक बारीक टाक्या असत्यात, वीज साठवायच्या. त्या म्हाताऱ्या झाल्यात. गार पडल्या की भरत न्हाईत. तुमी बटण दाबत ऱ्हायला की ऊब धरून मग भरत्यात. साताऱ्याची मानसं यायची दुपारी, तवा घर तापल्यालं. आन् आमच्या सांगलीत कसली आलीय थंडी.”

बाळूदादा बाहेर गेला आणि अंगणात ऊन जिथे पहिल्यांदा येतं तिथे वडिलांसाठी आणि आक्कांसाठी दोन खुर्च्या मांडून आला. त्या सकाळी ते दोघं तिथं बसून किती बोलले. आक्का मामाला विचारत होत्या, फोनच्या एक्स्चेंजमध्ये माणूस खोटं बोलतोय हे आवाजावरून कळायचं का? मामा विचारत होता, कॉइल गुंडाळताना वेढे बोटाला मोजता येतात का? मामी मला म्हणाली, “ह्यांना इतकं बोलताना मी लग्नानंतर बघितलेलंच नाही.”

सप्लाय घेऊन आम्ही सांगलीला आलो. आक्कांनी आतल्या त्या टाक्या, म्हणजे कपॅसिटर, बदलल्या, आणि मग त्यांची खोड जागी झाली. ऊन लागणाऱ्या गावात थंडी कुठून आणायची? शेजारी लस्सीचं दुकान होतं. आक्कांनी सप्लाय प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधला आणि लस्सीवाल्याच्या फ्रिजमध्ये दह्याच्या पातेल्याशेजारी ठेवला. लस्सीवाला म्हणाला, “आक्का, गिऱ्हाईक बघंल की.” आक्का म्हणाल्या, “बघू दे की. सांग, नवीन चव हाय.” संध्याकाळी तो गारढोण डबा बाहेर काढून त्यांनी दुकानातल्या एका मशीनला जोडला. पहिल्या झटक्यात बीप आली. त्यांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा फ्रिजमध्ये ठेवला आणि पुन्हा लावून बघितला. तेव्हा कुठे त्यांचा जीव मोकळा झाला आणि डबा मामाकडे परत गेला.

त्यानंतर दर रविवारी मामाचा आणि आक्कांचा फोन ठरलेला असायचा. तो आजही असतो, पण मधल्या काळात बरंच काही झालं.

आक्का मला वायरींचे रंग विचारायला लागल्या. “ही हिरवी का निळी गं?” मला वाटलं, ट्यूबलाइट मंद झालीय. मी नवी बसवली. तरी त्या विचारतच राहिल्या. बारीक स्क्रू टेबलावर असूनही चाचपायच्या. एक दिवस म्हणाल्या, डोळ्यापुढं काळ्या माश्या फिरतायत. साखरेचा त्रास त्यांना होताच, गोळ्या वेळेवर घेत नव्हत्या. मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. तिथं आक्कांनी त्यांना एवढे प्रश्न विचारले की शेवटी डॉक्टरांनी कागदावर डोळा काढून दाखवला. परतीच्या रिक्षात त्या मला सांगत होत्या, “आत पडदा असतोय गं. त्याच्यावर बारीक बारीक रगताच्या वाहिन्या. त्या फुटत्यात, आन् रगात पडद्याम्होरं येतं. येवढी वर्सं डोळं वापरलं, आन् मला म्हाईतच न्हवतं आत पडदा असतोय.” अगदी रंगून सांगत होत्या. मग रिक्षा विश्रामबागेच्या चौकात थांबली तेव्हा त्यांनी माझा हात धरला आणि दुकान येईपर्यंत सोडला नाही.

इंजेक्शनं झाली, लेझर झालं. नजर आणखी उतरायची थोडी थांबली, पण गेलेली परत आली नाही. आक्कांनी विजेच्या कामाला हात लावायचं स्वतःहून थांबवलं. “दिसत न्हाई तिथं हात घालायचा न्हाई,” म्हणाल्या. आपल्या गिऱ्हाइकांना त्यांनी एकेकाला फोन करून दुसरी दुकानं सांगितली. दाजींची नोकरी संपली होती. आक्कांच्या भावाचं आटपाडीकडे डाळिंबाचं रान आहे, तिथं एक खोली बांधून दोघं राहायला गेले. जाताना टेम्पोत सामान चढवून झालं आणि आक्का दुकानात परत आल्या. माझ्या टेबलावरून, खुर्चीवरून, माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवला. “पोरी, तुझं नाक येवढं लांब हाय व्हय,” म्हणाल्या. “कवा ध्यान दिलं न्हवतं.” मला रडूही येत होतं आणि हसूही.

मी ही गोष्ट मामाला सांगितली. तो म्हणाला, “तिकडं मला घेऊन चल.” या वयात इतका लांबचा प्रवास, बाळूदादा नको म्हणत होता. मामानं ऐकलं नाही. सांगलीला येऊन माझ्या घरी पडून असलेल्या कॉम्प्युटरवर त्यानं बोलणारं सॉफ्टवेअर घालून घेतलं, मराठी आवाज निवडला, आणि आम्ही बाळूदादाच्याच गाडीनं गेलो.

डाळिंबाच्या रानाच्या कडेला ती खोली होती. बाहेर शेळ्या. दाजींनी टेबल रिकामं करून ठेवलं होतं. मी मशीन जोडली. आक्का आणि मामा शेजारी शेजारी बसले. मामानं त्यांचा हात धरून कीबोर्डवर ठेवला, ज्या दोन बटणांवर बारीक उंचवटे असतात ती दाखवली, बोटं कुठं ठेवायची ते सांगितलं. आक्का विचारत होत्या, “तुमाला पयल्या दिवशी भ्या वाटलं हुतं का?” मामा म्हणाला, “वाटलं होतं. आठवडाभर. मग कंटाळा आला भीतीचा.” आक्कांनी मान हलवली. मग विचारलं, “आन् रंग? तेंची आठवण ऱ्हाती का?” मामा म्हणाला, “मी फार लहान होतो. तुम्हाला राहील. काही वर्षांनी मला सांगा, राहते का ते.” “सांगते,” आक्का म्हणाल्या.

मग मामानं मला आणि दाजींना मागं व्हायला सांगितलं. “त्यांना लावू दे.”

आक्कांनी कॅबिनेट चाचपलं आणि बटण दाबलं. खोलीत कुणी हललं नाही. बाहेरच्या शेळ्यांचा आवाज येत होता. थोड्या वेळानं स्पीकरमधून एका बाईचा आवाज स्पष्ट मराठीत बोलायला लागला. दाजींनी डोळ्याला उपरणं लावलं. मी म्हणायला गेले, “आक्का, झाला सुरू,” तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं. त्यांचं त्या आवाजाकडे लक्षच नव्हतं. मान तिरपी करून, कपाळाला आठ्या घालून कॅबिनेटकडेच कान लावून बसल्या होत्या.

“बंद कर गं,” त्या म्हणाल्या.

मी घाबरले. “का? नीट चाललाय की.”

“चाललाय त्ये कळलं. पर अगदी सुरवातीला मदी कायतरी बारीक वाजलं. येवढ्या मशिनी खोलल्या, ह्ये कवा ऐकू आलं न्हवतं.” आणि मामाकडे वळून, “तुमी ऐकलं का वो?”

“ऐकलं,” मामा म्हणाला. “काय असतं ते, मलाही माहीत नाही.”

“बंद कर,” आक्का मला म्हणाल्या, “आन् पुन्यांदा लाव.”